सातवे जालिंदर साळुंखे

आमच्या स्टाफरूममध्ये तीन सुनीता पाटील आहेत. एक गणिताच्या, एक हिंदीच्या आणि तिसरी मी, इतिहासाची. मुख्याध्यापकांनी शिपायाला "पाटीलबाईंना बोलवा" म्हटलं की तिघी उठतो, एकमेकींकडे बघतो आणि तिघी खाली बसतो. जेवणाच्या सुट्टीत तर रोजचा गोंधळ. तिघींचे डबे स्टीलचे, एकाच मापाचे, आणि तिन्हींवर नाव एकच. एकदा दोन घास पोटात गेल्यावर मला कळलं, की आपण शेपूची भाजी खातोय. शेपू माझ्या घरात येत नाही. तोवर हिंदीच्या बाईंनी माझी भरली वांगी संपवून डबा धुऊनही ठेवला होता. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तडक कराडच्या भांडी बाजारात गेले. तिथे एका दुकानाच्या पायरीशी, भांड्यांवर नावं टाकणारे जालूमामा उभे होते.

उभे होते हे मुद्दाम सांगते. पुढच्या बारा-तेरा वर्षांत मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही. दुकानदाराने स्टूल दिलं होतं, त्यावर ते फक्त डावा पाय ठेवत. गुडघ्यावर भांडं, हातात विजेवर चालणारी ती टोकदार लेखणी. टर्रर्र आवाज चालू, तोंड चालू, नजर रस्त्यावर. अक्षर मात्र असं सुरेख, की फळ्यावर लिहिणाऱ्या आम्हाला लाज वाटावी. दोन भांड्यांच्या मध्ये जरा उसंत मिळाली तर चौकापर्यंत चालत जाऊन परत येत. का गेलात विचारलं तर म्हणत, "काय न्हाई, बघून आलो."

मी डब्याचं रडगाणं सांगितलं. ते मनापासून हसले.

"बाई, एका नावाची दोन मानसं असली तर त्यात नावाचा दोष न्हाई. खूण न घालनाराचा दोष हाय. तुमी शिकवता काय?"

"इतिहास."

"मग तलवार घालू?"

"शाळेच्या डब्यावर तलवार कशाला?"

"बरं, पान घालतो. पिंपळाचं."

आणि 'पाटील'मधल्या शेवटच्या अक्षराखाली त्यांनी नखाएवढं पिंपळपान काढलं, शिरांसकट. गणिताच्या बाईंना पुढे त्यांनी मासोळी दिली आणि हिंदीच्या बाईंना कैरी. त्यानंतर डब्यांची अदलाबदल कायमची थांबली. अशा शेकडो खुणा त्यांच्या डोक्यात होत्या. कुठल्या गावच्या कुठल्या शांताबाईचा तांब्या चांदणीचा आणि कुठल्या शांताबाईचा मोगऱ्याचा, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. लग्नाच्या पंगतीत भांडी एकमेकांत मिसळली की बायका मामांना निरोप धाडत. मामा जात, खुणा बघत आणि ज्याचं त्याला वाटून देत.

खुद्द त्यांचं नाव जालिंदर साळुंखे. आमच्या सातारा-सांगलीकडे हे नाव इतकं बख्खळ, की यात्रेत एकदा हाक मारावी आणि चौघांनी 'ओ' द्यावी. पण मामांच्या लेखी खरे जालिंदर साळुंखे सातच. पहिले विट्याकडचे पैलवान. दुसरे सांगलीचे हाडांचे डॉक्टर. तिसरे माणातले सुभेदार, छातीवर पदक असलेले. चौथे तमाशातले ढोलकीवाले, पाचवे सांगलीचेच हळदीचे व्यापारी. सहावे आमच्याच भागातले आबा. या सहाही जणांची वर्तमानपत्रातली कात्रणं त्यांनी प्लास्टिकच्या फाईलमध्ये जपून ठेवली होती. गिऱ्हाईक जरा रेंगाळलं की फाईल उघडे.

"आणि सातवे कोण?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"सातवा ह्यो तुमच्या म्होरं उभा हाय की." फाईलचं शेवटचं पान मात्र कोरं होतं.

या सहा जणांच्या सुखदुःखाला ते घरच्यासारखे धावत. मोटारसायकलला लाथ मारायची आणि निघायचं. मामी वैतागून म्हणायच्या, "सोयऱ्याच्या बारशाला जायाला सवड न्हाई, आन् नावकऱ्याच्या जावळाला पंचवीस कोस!" नावकरी हा मामींचा शब्द. नवऱ्याच्या नावाची ही जी जत्रा होती, तिला त्यांनी दिलेला.

पैलवान गेले तेव्हाची गोष्ट. सकाळच्या पेपरात बातमी, 'जालिंदर साळुंखे यांचे निधन'. फोटो नाही. तासाभरात मामांच्या पायरीसमोर पंधरा-वीस माणसं गोळा झाली. एकजण तर हार घेऊनच आला होता. मामा लेखणी बंद करून म्हणाले, "व्हय, गेलो मी. चला आता, माझ्या मातीला जाऊन येऊ." आणि खरोखर त्यातल्या सहा-सात जणांना जीपमध्ये घालून विट्याकडे घेऊन गेले. ज्यांनी पैलवानाला जन्मात पाहिलं नव्हतं ती माणसं त्याला खांदा देऊन आली. हारही वाया गेला नाही.

दुसरी गोष्ट सुभेदारांच्या सत्काराची. दहिवडीला कार्यक्रम होता. मामा अर्थातच पहिल्या रांगेत. निवेदकाने "जालिंदर साळुंखे यांनी मंचावर यावे" म्हटल्यावर मामा टाळ्या वाजवायला उभे राहिले. स्वयंसेवकाने त्यांचा दंड धरला आणि थेट वर नेलं. पाहुण्यांनी शाल घातली, नारळ दिला, फोटो निघाला. मग मामांनी माईक ओढून घेतला. "नाव बराबर हाय, मानूस चुकलाय," असं म्हणून खांद्यावरची शाल काढली, खाली उतरले आणि सुभेदारांच्या खांद्यावर घातली. मंडप हसून आडवा झाला.

ही गोष्ट ते सगळ्यांना रंगवून सांगत. मला सांगितली तेव्हा शेवटी जरा थांबले. लेखणीचं टोक अंगठ्यावर घासत म्हणाले, "बाई, शाल लय ऊबदार असती बरं का." मी हसले. तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखं वाक्य नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे सहावे जालिंदर साळुंखे, निवृत्त शिक्षक. आमच्या गावांतली अर्धी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. कुणाच्या दाखल्यासाठी, कुणाच्या पेन्शनसाठी तालुक्याला खेटे घालणारा माणूस. गेल्या जिल्हा परिषद निवडणुकीला गावांनी त्यांना धरून उभं केलं. चिन्ह छत्री. समोरचा उमेदवार तगडा होता, पण हवा आबांची होती. माझं सासर त्याच गटात, विट्याच्या रस्त्यावर. मामांचं घर आमच्या पलीकडच्या गावात. त्यामुळे आम्हा दोघांचं मत तिथेच.

आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी मामांनी अर्ज भरला.

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. उमेदवार भारी पडतोय असं दिसलं, की त्याच्या नावाचा दुसरा माणूस शोधून उभा करायचा. यंत्रावर दोन सारखी नावं आली की म्हाताऱ्याकोताऱ्यांचं बोट चुकतं, चार मतं फुटतात. समोरच्या उमेदवाराचा बंडा नावाचा कार्यकर्ता मामांकडे आला होता. त्याने धाक घातला नाही की लालूच दाखवली नाही. तो फक्त त्यांची फाईल चाळत बसला आणि कोऱ्या पानावर येऊन थांबला. म्हणाला, "मामा, आयुष्यभर दुसऱ्याची नावं टाकलीत. तुमचं नाव कुठं छापलंय का कवा? गावागावात यंत्रावर येतंय बघा, सरकारी शाईनं." मामांनी सही केली.

हे मला कळलं तेव्हा माझा संताप झाला. दुसरा कुणी असता तर समजलं असतं. पण हा माणूस! दोन तांब्यांची गल्लत होऊ नये म्हणून पानं-फुलं काढणारा! मी दोन दिवस त्या बाजूला फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही म्हणून गेले, तर पायरीवर शुकशुकाट. लेखणी बंद. मामा स्टुलावर पाय न ठेवता नुसतेच येरझाऱ्या घालत होते. त्यांच्या हातात एक तांब्या होता.

"आबा येऊन गेलं," ते म्हणाले.

आबा एकटेच आले होते. चढ्या आवाजात बोलले नाहीत. तांब्या पुढे ठेवला आणि म्हणाले, "जालिंदर, ह्याच्यावर माझं नाव टाक. आन् तुझा कुठला, माझा कुठला, ती खूण तूच घाल." एवढं बोलून निघून गेले.

"मग घातली?"

"काय घालू, बाई?" मामांनी तांब्या या हातातून त्या हातात घेतला. "मला वाटलं, माझं नाव छापंल. आबाचं पुसंल, ह्ये ध्यानातच आलं न्हाई वो."

अर्ज मागे घेण्याची मुदत आदल्या दिवशी दुपारी संपली होती. तरी ते तहसील कचेरीत जाऊन आले. तिथल्या माणसाने समजावून सांगितलं, की आता नाव निघत नाही. चिन्ह मिळालं होतं कढई. यंत्रावर एकाखाली एक येणार होतं: वर आबा, साळुंखे जालिंदर दाजी; खाली मामा, साळुंखे जालिंदर बापू. आडनाव आणि नाव वाचून झाल्यावर वडिलांच्या नावापर्यंत आमच्याकडे कोण पोचतो?

मग त्या माणसाने जे केलं, ते मी कुठल्याही निवडणुकीत पाहिलं नाही. मोटारसायकलच्या मागे एक मोठी कढई बांधली आणि गटातल्या गावागावांत फिरायला सुरुवात केली. पारावर, डेअरीसमोर, पिठाच्या गिरणीजवळ, जिथे चार माणसं दिसतील तिथे गाडी लावायची. कढई सोडून हातात घ्यायची, झाऱ्याने बडवायची आणि ओरडायचं:

"मी जालिंदर साळुंखे! ही कढई माझी! कढईला मत दिऊ नका! आबाची छत्री! छत्री ध्येनात ठेवा, छत्री!"

लोक पोट धरधरून हसले. स्वतःच्या विरुद्ध प्रचार करणारा उमेदवार कुणी पाहिला होता? कुणीतरी फोनवर चित्रण केलं आणि ते सगळ्या गटभर फिरलं. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत पोरं डब्याचं झाकण बडवून "कढईला मत दिऊ नका" ओरडायची. मामा गावात शिरले की बायका दारात यायच्या. चहा घेतल्याशिवाय कुणी सोडेना. तोंड वाळलेलं, डोळे खोल गेलेले, सदरा दोन-दोन दिवस तोच. बसा म्हटलं तर म्हणत, "अजून तीन गावं ऱ्हायली." आमच्याही दारात आले. उभ्यानेच अर्धा कप चहा घेतला.

"मामा, सगळ्यांना कळलंय आता. आबा येणार हो. जरा दमानं घ्या."

"न्हाई बाई. एकबी मत कढईला पडाय नगं. मी सोता छत्रीचं बटन दाबनार हाय. मामीबी. माझ्या नावाम्होरं भोपळा दिसला पायजे, तवा मला झोप लागंल."

ते गेले आणि तो भोपळा माझ्या डोक्यात राहिला.

आता जे सांगते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. मतदानाच्या दिवशी मी त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभी राहिले. छत्री दिसली. तिच्याखाली कढई. आबा तर येणारच होते, सगळा गाव म्हणत होता. आणि हा वेडा माणूस इतक्या गावांत उन्हातान्हात फिरला, आणि त्याच्या नावापुढे शून्य? एक तरी मत असू दे बिचाऱ्याला. एका मताने काय होतंय? मी कढईचं बटण दाबलं. बाहेर आले तेव्हा मला फार चांगलं काम केल्यासारखं वाटत होतं.

आबा पडले. किती मतांनी, तर एका एसटीत उभी-बसलेली माणसं मावतील तेवढ्या मतांनी. आणि कढईला पडलेली मतं त्याच्या तिप्पट होती.

मतमोजणीच्या ठिकाणी मामा होते, असं नंतर ऐकलं. आकडा वाचला तेव्हा त्यांना तो आधी दुसऱ्या कुणाचा वाटला. गुलाल उधळत निघालेल्या बंडाने त्यांना मिठी मारली म्हणे. ते तिथून चालत सुटले ते थेट आबांच्या दारात. आबांनी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, आणि एक शब्दही बोलले नाहीत. पुढे भेटले तेव्हा मामा मला म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्यानंतर त्यांना एकच ध्यास लागला. ती माणसं कोण? यंत्र वाचता न येणारी म्हातारी माणसं चुकली असती तर समजू शकलं असतं. पण त्यांनी तर घराघरात छत्री बिंबवली होती. ते पुन्हा गावोगाव फिरू लागले, या वेळी कढईशिवाय. दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "खरं सांगा, कुटलं बटन दाबलं?" लोक आधी हसायचे, मग आवाज चढवायचे, मग दार लावून घ्यायचे. दुकानातली जागा सुटली. दुकानदार तरी किती दिवस रिकामी पायरी सांभाळणार?

एका रविवारी ते माझ्याकडे आले. मी अंगणात डाळ वाळवत होते. दोन महिन्यांत माणूस निम्मा झाला होता. या पायावरून त्या पायावर भार टाकत ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"बाई, तुमी शिकलेल्या. तुमी खोटं बोलनार न्हाई. कुटलं दाबलं?"

"छत्री," मी म्हणाले. डाळीतला खडा शोधत म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "समदी हेच म्हनत्यात. समद्यांनी आबाला दिलं. मग आबा पडलं कसं?"

इतकी वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगते, आणि त्या माणसाच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलले. बोलून टाकलं असतं तर? त्यांना निदान एक तरी माणूस सापडला असता. दयेपोटी दिलं, असं मला सांगता आलं असतं, आणि कदाचित सगळ्यांनीच तसं दिलं असेल, हे त्यांच्या ध्यानात आलं असतं. पण मला माझीच लाज वाटत होती, आणि माझी लाज मला त्यांच्या तडफडीपेक्षा मोठी वाटली. ते गेटपर्यंत गेले, परत वळले, माझ्या हातातल्या डाळीकडे बघितलं आणि निघून गेले.

मग वर्ष-दीड वर्ष त्यांचा पत्ता नव्हता. आठवडी बाजारांतून बॅटरीवरची लेखणी घेऊन फिरतात, असं कुणी म्हणायचं. आज खटावात, उद्या माणात. मामी घरीच आहेत, आणि ते आठवड्यातून एकदा येऊन जातात, एवढं कानावर होतं.

यंदा उन्हाळ्यात पुतणीच्या लग्नाच्या बोलणीसाठी दहिवडीला गेले होते. बाजाराचा दिवस. परतीच्या एसटीला वेळ होता म्हणून बाजारात शिरले, तर ओळखीचा टर्रर्र आवाज आला. कांद्याच्या ढिगापलीकडे, गोणपाटावर, मामा बसले होते. मांडी घालून बसले होते.

"बाई! हिकडं कुठं?" ते तेवढ्याच मोकळेपणाने म्हणाले. केस पांढरे झाले होते. हात मात्र तेच.

मला उगाच काहीतरी बोलायचं होतं, म्हणून शेजारच्या दुकानातून एक डबा घेतला आणि त्यांच्यासमोर धरला. "नाव टाका, मामा."

"जुना डबा?"

"त्याचं झाकण बसत नाही आता."

त्यांनी नाव विचारलं नाही. डबा गुडघ्यावर घेतला आणि लेखणी सुरू केली. बोलता बोलता सगळी हकिकत सांगितली. सुभेदारांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ढोलकीवाल्याच्या मुलाला नोकरी लागली. "आन् आबा बरं हायती. परवा त्यांचा तांब्या दिऊन आलो."

"कोणती खूण घातली?"

"त्यांच्यावर घातलीच न्हाई. आबाला खूण कशाला लागती? माझ्याच भांड्यांवर घातली समद्या." ते हसले. मी म्हणाले, "मामा, तुम्हाला एक सांगायचं होतं..."

"एसटी लागली बघा तुमची," ते मान वर न करता म्हणाले. फडक्याने डबा पुसला, माझ्या हातात दिला आणि पुढच्या बाईची परात ओढून घेतली.

मी धावत जाऊन खिडकीची जागा धरली. श्वास खाली बसल्यावर डबा उजेडात धरला. 'सौ. सुनीता पाटील'. तेच सुरेख अक्षर. शेवटच्या अक्षराखाली मी पिंपळपान शोधलं. पान नव्हतं. तिथे दोन कानांची, नखाएवढी, एक कढई होती.

मी वळून बघितलं. एसटी बाजाराला वळसा घालून निघाली होती. कांद्याच्या ढिगापलीकडे ते परातीवर वाकले होते आणि दुसऱ्या कुणाचं तरी नाव टाकत होते. मी हात बाहेर काढून हाक मारली. त्यांनी वर पाहिलं नाही.